गुडघा दुखत नाही, पण सटकतो: लिगामेंटच्या दुखापतीवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात गुडघ्याच्या लिगामेंटविषयी, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांविषयी, प्रश्न मागवले होते. पत्रांचा सूर बहुतेक एकच आहे: ‘ऑपरेशन पुढे ढकललं तर चालेल का?’ याचं सरसकट उत्तर देता येत नाही. गुडघ्यातल्या काही दुखापतींना मुदत तासांची असते, काहींना दोन-तीन आठवड्यांची, आणि काहींत तर थांबणंच योग्य असतं. म्हणून नेमकं काय तुटलंय हे आधी कळलं पाहिजे.

नावं एकदा सांगून ठेवतो, म्हणजे पुढे अडायला नको. एसीएल हे सांध्याच्या मधोमध असलेलं लिगामेंट नडगीचं हाड पुढे सरकू देत नाही आणि पिळू देत नाही. त्याच्या मागचं पीसीएल नडगीला मागे जाण्यापासून अडवतं. एमसीएल आतल्या बाजूला, एलसीएल बाहेरच्या बाजूला. मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये दोन गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण म्हणजे कूर्चा.

प्रश्न: वय 23, कबड्डी खेळतो. सात महिन्यांपूर्वी चढाई करून वळताना गुडघ्यात कटकन आवाज झाला, संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. एक्स-रे नॉर्मल आला. तीन आठवडे आराम केला, दुखणं गेलं. आता सरळ पळता येतं, पण वळताना महिन्यातून दोनेकदा गुडघा सटकतो. एमआरआयमध्ये ‘एसीएल पूर्ण फाटलं, आतल्या गादीच्या मागच्या भागात ग्रेड 3’ असं आलंय. पोलीस भरतीची तयारी चालू आहे. भरती झाल्यावर ऑपरेशन केलं तर? (सांगली जिल्हा)

दुखणं गेलं याचा अर्थ लिगामेंट जुळलं असा होत नाही. त्या संध्याकाळी सुजलेल्या गुडघ्यात रक्त साचलं होतं; एसीएल तुटल्यावर काही तासांत बहुधा असंच होतं. ते रक्त शरीर काही आठवड्यांत शोषून घेतं, आतला ताण उतरतो, दुखणं थांबतं. एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही, त्यामुळे ‘हाड शाबूत आहे’ हे वाक्य घरी पोहोचेपर्यंत ‘गुडघा शाबूत आहे’ असं होऊन बसतं.

शरीरात इतरत्र काही फाटलं तर रक्ताची गुठळी दोन टोकांना धरून ठेवते आणि तिच्या आधाराने नवी ऊती भरून येते. एसीएल मात्र सांध्याच्या वंगणद्रवात असतं, तिथे गुठळी टिकत नाही. टोकं जुन्या झाडूसारखी पिंजारतात, आखडतात, कधी शेजारच्या पीसीएलला चिकटून बसतात. आपोआप जुळल्याची उदाहरणं आहेत. पण सात महिन्यांनंतरही ज्याचा गुडघा सटकतो, त्याचं जुळलेलं नाही हे धरून चालायचं.

तुमच्या पत्रातलं काळजीचं वाक्य एमआरआयचं नाही, ‘महिन्यातून दोनेकदा सटकतो’ हे आहे. प्रत्येक वेळी नडगी एकदम पुढे जाते आणि पिळते. एसीएल नसताना तिला अडवायचं काम आतल्या गादीच्या मागच्या भागावर येतं. ही गादी सांध्याच्या आवरणाला आणि एमसीएलला घट्ट जोडलेली असते. बाहेरच्या गादीइतकी ती सरकत नाही, म्हणून दोन हाडांत चेंगरते. पहिल्या दुखापतीत बाहेरची गादी जास्त वेळा फाटलेली आढळते आणि उपचार लांबलेल्या गुडघ्यात आतली, त्याचं कारण हेच. तुमची गादी पहिल्याच दिवशी फाटली की नंतरच्या सटकण्यांत, हे आता सांगता येणार नाही. पुढची प्रत्येक सटक ती फाट वाढवू शकते, एवढं मात्र सांगता येतं.

एमआरआयमधल्या ग्रेडचा अर्थ: ग्रेड 1 आणि 2 म्हणजे गादीच्या आतल्या आत झालेला बदल, त्याला फाट म्हणत नाहीत. ग्रेड 3 म्हणजे रेघ गादीच्या पृष्ठभागापर्यंत आली, म्हणजेच फाट.

मोठ्या माणसाच्या गादीला रक्तपुरवठा असतो तो फक्त बाहेरच्या कडेच्या साधारण एक तृतीयांश भागाला. कडेजवळची ताजी फाट टाके घालून जुळते, आणि एसीएलची शस्त्रक्रिया सोबतच केली तर जुळण्याची शक्यता आणखी चांगली. तीच फाट महिनोन्‌महिने चेंगरत राहिली की कडा चिंध्या होतात, फाट रक्त नसलेल्या भागात सरकते, आणि मग सर्जनला तो तुकडा कापून काढण्यावाचून इलाज राहत नाही. गादी जितकी कमी, तितका कूर्चेवर दाब जास्त. तिशीत-चाळिशीत येणारी गुडघ्याची झीज बऱ्याचदा अशी सुरू होते. नवं एसीएल बसवता येतं, गेलेली गादी तशी परत मिळत नाही.

आता भरती. 1600 मीटर सरळ धावणं एसीएल नसलेल्या गुडघ्याला बऱ्याचदा जमतं. 100 मीटरमध्ये धोका रेषा ओलांडल्यानंतर आहे, झपकन थांबताना. गोळाफेकीत पाय रोवून कंबर वळवतात, म्हणजे नेमकी तीच पिळणारी हालचाल. मैदानी चाचणी तीन-चार आठवड्यांवर असेल, गुडघा अडकत नसेल आणि सर्जनने तपासून हरकत घेतली नसेल, तर ब्रेस (गुडघ्याला बाहेरून आधार देणारा पट्टा) लावून, धोका समजून उमेदवार ती देतात. पण कबड्डी आजपासून बंद, सरावापुरतीसुद्धा. आणि तारीख अजून जाहीरच झाली नसेल तर तिची वाट बघत बसू नका. ऑपरेशननंतर पळण्या-वळण्याच्या खेळात उतरायला किमान 9 महिने लागतात. ते आज सुरू केले तर पुढच्या भरतीला दोन धड गुडघे घेऊन उभे राहाल.

बसवलेलं नवं लिगामेंट, म्हणजे ग्राफ्ट, साधारण 6 ते 12 आठवड्यांच्या काळात सर्वांत कमजोर असतं आणि नेमकं तेव्हाच पेशंटला एकदम बरं वाटू लागतं. त्या काळात गल्लीतलं क्रिकेटही नको. मैदानात परतण्यापूर्वी मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान 90 टक्के आली आहे आणि एका पायावरच्या उड्या दोन्ही बाजूंना जवळपास सारख्या पडतात, हे मोजून घ्या. ‘वाटतंय बरं’ हे माप नव्हे.

गुडघा एखाद्या दिवशी वाकलेल्या अवस्थेत अडकला आणि सरळच होईना, तर भरती-बिरती बाजूला ठेवा. फाटलेल्या गादीची पट्टी उलटून मध्ये अडकली असण्याची शक्यता आहे. ती काही दिवसांत सोडवली तर टाके घालता येतात. अडकवून ठेवून चालत राहिलात तर गादी आणि कूर्चा दोन्ही जातात.

प्रश्न: ऋषभ पंतचं ऑपरेशन अपघातानंतर आठवडाभरात झालं. माझं फक्त एसीएल गेलंय, तरी डॉक्टर म्हणतात महिनाभर थांबा, व्यायाम करा. हा वेळकाढूपणा नाही का? (ठाणे)

नाही. पंतचा अपघात 30 डिसेंबर 2022 चा, लिगामेंटची शस्त्रक्रिया मुंबईत जानेवारी 2023 च्या पहिल्या आठवड्यात झाली. पण त्याचा गुडघा सांध्यातून निखळला होता, एकाहून अधिक लिगामेंट गेली होती. त्याचं वेळापत्रक तुम्हाला लागू होत नाही. आणि तो मैदानात परतला मार्च 2024 मध्ये, हेही लक्षात असू द्या.

एकट्या एसीएलमध्ये सुजलेल्या, गरम गुडघ्यावर पहिल्या काही दिवसांतच शस्त्रक्रिया केली तर आत जाड चट्टे धरून गुडघा आखडण्याचा धोका वाढतो. म्हणून आधी काही गोष्टी जमाव्या लागतात: सूज जवळपास गेलेली, गुडघा दुसऱ्याइतका पूर्ण सरळ होतो, साधारण 120 अंशांपर्यंत वाकतो, आणि पाय न वाकता सरळ उचलता येतो. याला बहुतेकांना 2 ते 6 आठवडे लागतात. गादीही अडकलेली असेल तर मात्र डॉक्टर घाई करतील.

प्रश्न: वय 46, गृहिणी. पावसात स्कूटी घसरली. एमसीएल ग्रेड 2 आणि एसीएल अर्धवट फाटलं असा रिपोर्ट आहे. डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हणून ब्रेस आणि व्यायाम दिलेत. जाऊबाई म्हणतात, आता टाळलंत तर म्हातारपणी पाय धराल. कोणाचं ऐकू? (चिपळूण)

डॉक्टरांचं. ऑपरेशन न करणं म्हणजे उपचार न करणं, असा आपल्याकडे एक पक्का समज आहे. एमसीएल सांध्याच्या बाहेर असतं, त्याला रक्तपुरवठा चांगला, म्हणून ते बहुतेक वेळा आपलं आपण जुळतं. लिगामेंटचे ग्रेड गादीच्या ग्रेडपेक्षा वेगळे: ग्रेड 1 (नुसतं ताणलेलं) साधारण 1 ते 3 आठवड्यांत, ग्रेड 2 (अर्धवट फाटलेलं) ला 4 ते 6, ग्रेड 3 (पूर्ण फाटलेलं) ला 6 ते 12 आठवडे. अट एकच, त्या काळात गुडघा आतल्या बाजूला उघडता कामा नये. त्यासाठी दोन्ही बाजूंना बिजागरी असलेला ब्रेस लागतो. मेडिकलमध्ये मिळणारी कापडी नी-कॅप त्याची जागा घेऊ शकत नाही. ती फक्त गरम ठेवते आणि धीर देते.

एसीएलचं म्हणाल तर, स्वीडनमध्ये 121 तरुण आणि खेळकर रुग्णांचे दोन गट करून अभ्यास झाला, तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाची शस्त्रक्रिया लवकर केली. दुसऱ्या गटाला आधी व्यायाम दिले आणि गुडघा सटकतच राहिला तर शस्त्रक्रिया. पाच वर्षांनंतर या दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना शस्त्रक्रिया लागलीच नव्हती, आणि दोन्ही गटांच्या तक्रारींत मोठा फरक नव्हता. मात्र त्या लोकांनी देखरेखीखाली कसून व्यायाम केला होता. ब्रेस लावून कॉटवर पडून राहणाऱ्याला हा अभ्यास लागू नाही.

म्हणजे करायचं काय? पहिले दोन-तीन दिवस टॉवेलमध्ये गुंडाळून बर्फ, 15-20 मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. झोपताना उशी गुडघ्याखाली कधीही घेऊ नका, कितीही बरं वाटलं तरी. गुडघा वाकलेलाच राहायची सवय लागते आणि पुढे तो सरळ करायला महिने जातात. उशी टाचेखाली घ्या, गुडघा अधांतरी राहू दे; दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं. मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघ्याची मागची बाजू अंथरुणावर दाबायची, 10 सेकंद धरायची, असं 10 वेळा, दिवसातून चारदा. हे जमलं की पाय सरळ ठेवून टाच वीतभर उचलायची, 10-10 चे तीन फेरे. उचलताना गुडघा जरा जरी वाकला तर स्नायू अजून तयार नाही, मागच्याच व्यायामावर थांबा. टाच पलंगावर सरकवत गुडघा वाकवणं ब्रेसच्या परवानगीइतकंच. पुढे एका जागेवरची सायकल, भिंतीला टेकून अर्धं बसणं, मग एका पायावर तोल.

काठी वापरत असाल तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. बरेच जण उलट धरतात आणि भार दुखऱ्या बाजूलाच टाकतात.

मांडी घालून आणि उकिडवं बसणं तीन महिने तरी टाळा. गुडघा पूर्ण वाकतो तेव्हा गादीच्या मागच्या भागावर सर्वांत जास्त दाब येतो. घरी भारतीय शौचकूप असेल तर वर ठेवायची खुर्ची आणा. विळी खाली मांडून भाजी चिरायची सवय असेल तर तेवढे महिने ओट्यावर सुरी चालवा.

तीन महिने नीट व्यायाम करूनही जिन्यावर किंवा वळताना गुडघा सटकला, पुन्हा सूज आली किंवा गुडघा अडकला, तर ‘ऑपरेशन नको’ हा निर्णय पुन्हा तपासायचा. जाऊबाईंनाही हे सांगून ठेवा.

प्रश्न: भाऊ, वय 34. मोटारसायकलवरून पडला, वाकलेल्या गुडघ्यावर आपटला. एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये ‘पीसीएलने हाडाचा तुकडा उपटला आहे, तुकडा सरकला आहे’ असं आलं. डॉक्टर म्हणतात दोन आठवड्यांत स्क्रू लावायचा. ऊसतोड टोळी आत्ताच शेतात आली आहे. ऊस कारखान्याला गेल्यावर, दीड-दोन महिन्यांनी केलं तर? (कोल्हापूर जिल्हा)

नको. ऊस नात्यातल्या कोणावर सोपवा. या अंकातलं सर्वांत तातडीचं पत्र हे आहे.

तुमच्या भावाचं पीसीएल मधून तुटलेलं नाही, ते नडगीच्या मागच्या बाजूचा हाडाचा तुकडा घेऊन निघालंय. दुचाकीच्या अपघातात ही दुखापत वरचेवर होते. नशीब इतकंच की लिगामेंट बहुतांशी शाबूत असतं. तुकडा जागेवर बसवून स्क्रू लावला की हाडाला हाड जुळतं, सहा ते आठ आठवड्यांत, आणि माणसाचं स्वतःचं लिगामेंट वाचतं.

पहिल्या तीन आठवड्यांत हे काम सोपं असतं. त्यानंतर तुकडा वर ओढला जातो, त्याच्या कडा गोलावतात, मधली फट तंतुमय ऊतीने भरते. उशिरा बसवता येत नाही असं नाही, पण खरवडून जागा करावी लागते आणि पकड पहिल्यासारखी येईलच असं नाही. आणखी लांबलं तर मांडीच्या मागून किंवा पायातून स्नायूची दोरी काढून नवं पीसीएल करावं लागतं. ती मोठी शस्त्रक्रिया, खर्च जास्त आणि निकाल तितका खात्रीचा नाही.

तुकडा जागचा हललाच नसता तर सरळ ब्रेसमध्ये काही आठवडे ठेवून भागलं असतं. इथे तो सरकलाय.

काहीच केलं नाही तर काय? भाऊ चालेल, शेतात कामही करेल. पण नडगी मागे लटकलेली राहते. पाठीवर झोपून दोन्ही गुडघे काटकोनात वाकवून बाजूने पाहिलं तर त्या पायाची नडगी खाली बसलेली स्पष्ट दिसते. उतारावर, जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीमागे दुखायला लागतं, आणि काही वर्षांत वाटीमागची व आतल्या बाजूची कूर्चा झिजते.

याच पत्राच्या निमित्ताने दोन गोष्टी. गुडघ्याच्या बाहेरच्या-मागच्या कोपऱ्यातली लिगामेंट, म्हणजे एलसीएल आणि त्याच्या सोबतची, तुटली तर तीही दोन-तीन आठवड्यांतच जागेवर शिवता येतात. हा कोपरा तपासणीत निसटला आणि फक्त एसीएल केलं, तर नव्या ग्राफ्टवर सगळा ताण येऊन ते ढिलं पडतं किंवा तुटतं. पंजा वर उचलता येत नसेल, चालताना तो जमिनीला घासत असेल, तर त्याच बाजूची नस दुखावली आहे, डॉक्टरांना लगेच दाखवा.

आणि मुदत तासांची असते ती अशी: जोरदार अपघातात गुडघा निखळतो, कधी उचलून ठेवतानाच आपोआप जागेवर बसतो आणि बघणाऱ्याला फक्त सूज दिसते. पण गुडघ्यामागची मुख्य धमनी तेवढ्यात फाटलेली किंवा आतून सोललेली असू शकते. पाऊल थंड, पांढरं-निळसर, बधिर वाटलं तर साधारण 6 ते 8 तासांच्या आत रक्तप्रवाह सुरू करावा लागतो, नाहीतर पाय गमवायची वेळ येते. पावलाची नाडी लागतेय एवढ्यावरून निर्धास्त राहू नका. रुग्णालयात डॉप्लर किंवा अँजिओग्राफी, म्हणजे धमनीतला रक्तप्रवाह पाहण्याच्या तपासण्या, यांबद्दल स्वतःहून विचारा.

प्रश्न: गावच्या हाडवैद्याकडून महिनाभर तेल लावून ओढून घेतलं, घट्ट पट्टी बांधली. चार महिने झाले. सूज नाही, पण गुडघा पूर्ण सरळ होत नाही, लंगडतो. (बीड जिल्हा)

तेलाने वाईट झालं नसेल. वाईट झालं ते चार महिने निदान न झाल्याने, आणि कदाचित ताज्या दुखापतीला जोरात ओढल्याने.

आधी घरी मोजा. पोटावर झोपा, गुडघे पलंगाच्या कडेला आणि नडग्या बाहेर लोंबू द्या. दोन्ही टाचांच्या उंचीत जितके सेंटिमीटर फरक, साधारण तितके अंश गुडघा सरळ व्हायचा राहिलाय. मग मांडीचा घेर मोजा, दोन्ही पायांत वाटीच्या वरच्या कडेपासून 15 सेंटिमीटरवर. घेर कमी भरला तर स्नायू उतरलाय.

सरळ न होण्यामागे साधारण तीन कारणं असतात. गादीची पट्टी मध्ये अडकली असेल तर गुडघा एका ठरावीक कोनावर खटकन थांबतो. एसीएलचा तुटका बुंधा पुढच्या बाजूला गोळा होऊन अडथळा करत असेल, तर शेवटचे काही अंशच अडतात आणि सरळ करताना गुडघ्यात पुढच्या बाजूला टोचतं. आणि आवरण आखडलं असेल तर गुडघा दोन्ही दिशांना, सरळ व्हायला आणि वाकायलाही, कमी जातो. पहिल्या दोन कारणांत कितीही ओढा, गुडघा सरळ होणार नाही. ओढल्याने नुकसानच होईल. म्हणून आधी एमआरआय, मग व्यायाम. उलटं नको. आखडलेल्या गुडघ्यात मात्र चांगला फिजिओथेरपिस्ट काही आठवड्यांत बराच फरक पाडतो.

तीन-चार अंशांची कमतरता क्षुल्लक वाटते, पण तेवढ्यानेही प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणून धरावा लागतो आणि माणूस लंगडतो. म्हणून असा आखडलेला गुडघा आधी सरळ करून घेतात, लिगामेंटचं नंतर.

प्रश्न: मुलगी 13 वर्षांची, खो-खो खेळते. एसीएल तुटलंय. एक डॉक्टर म्हणतात वाढ पूर्ण होईपर्यंत थांबा, दुसरे म्हणतात आत्ताच करा. (सातारा)

दोन्ही मतांमागे कारण आहे. गुडघ्याजवळ हाडाच्या वाढीच्या चकत्या असतात. मोठ्यांसारखी हाडात बोगदे पाडणारी शस्त्रक्रिया केली तर त्या दुखावून पाय वाकडा किंवा आखूड व्हायची भीती, म्हणून पूर्वी थांबायचाच सल्ला असे. पण थांबलेल्या मुलांमध्ये गाद्या फाटण्याचं प्रमाण वाढतं, हेही दिसून आलंय. मूल धावायचं थांबत नाही, सांगितलं तरी नाही. आता चकत्या वाचवून किंवा त्यांना कमीत कमी धक्का लावून करायच्या पद्धती आहेत.

ठरवण्यासाठी हाताचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात. मुलींची गुडघ्याची वाढ साधारण 14 च्या आसपास संपत येते, मुलग्यांची 16 च्या. तुमच्या मुलीची वाढ थोडीच उरली असेल तर प्रश्न बराच सोपा होतो. गुडघा सटकतो का, गादी फाटली आहे का, या दोन गोष्टींना सर्वांत जास्त वजन द्या. यातलं एक जरी ‘हो’ असेल तर थांबणं महागात पडतं.

थांबायचं ठरलंच, तर शाळेला लेखी कळवा: खो-खो, लंगडी, कबड्डी, शारीरिक शिक्षणाच्या तासाला धावणं-वळणं बंद. सायकल, पोहणं चालेल, पण पोहताना बेडकासारखे पाय मारायचे नाहीत. दर तीन महिन्यांनी तपासणी. आणि एक्स-रे नीट पाहिलाय ना, हे विचारा. या वयात पुष्कळदा लिगामेंट न तुटता त्याच्या मुळाशी असलेला हाडाचा तुकडा निघतो. त्याचे उपचार वेगळे आणि ते मात्र लवकरच करायचे.

प्रश्न: वय 41. एसीएल सहा वर्षांपूर्वी गेलं, ऑफिसमुळे राहून गेलं. आता आतल्या बाजूला दुखतं. उशीर झाला का? (पुणे)

आधी सांगा, त्रास सटकण्याचा आहे की दुखण्याचा? सटकण्याचा असेल तर सहा वर्षांनंतरही लिगामेंट करून फायदा होतो. नुसतं दुखणं असेल, तर नव्या लिगामेंटने ते जाईलच असं नाही, कारण दुखतेय ती झीज.

झोपून काढलेल्या एक्स-रेवर समाधान मानू नका. दोन्ही पायांवर उभं राहून काढलेला हवा, शक्यतो खुब्यापासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रेही. पाय धनुष्यासारखा बाहेर वाकत असेल, तर आधी किंवा सोबतच नडगीचं हाड कापून भाराची रेषा बाहेर सरकवावी लागते. ते न करता लिगामेंट बसवलं तर ते ताणून निकामी होतं. 41 व्या वर्षी सांधा बदलायचा विचार शक्यतो करत नाहीत.

वजन जास्त असेल तर तिथे हात घालणं सर्वांत स्वस्त: झीज झालेल्या गुडघ्यावर एक किलो वजन उतरलं की पावलागणिक साधारण चार किलोंचा भार कमी होतो. त्यासोबत मांडी आणि पार्श्वभागाच्या स्नायूंचे व्यायाम, आठवड्यातून तीन दिवस, किमान तीन महिने. त्यानंतरही सटकत असेल तर सर्जन.

प्रश्न: पडलो तेव्हा विमा होता. आता आठ महिन्यांनी ऑपरेशन करतोय, तर क्लेममध्ये अडचण येईल का? (नागपूर)

नव्या पॉलिसीचा पहिल्या 30 दिवसांचा प्रतीक्षाकाळ अपघाताला लागू नसतो. पण गुडघ्याच्या काही शस्त्रक्रियांना बऱ्याच पॉलिसींत वेगळा, मोठा प्रतीक्षाकाळ असतो आणि अपघात असेल तरच सूट मिळते. आठ महिन्यांनी तो अपघातच होता हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणून पहिल्या दिवसाचा केसपेपर हाताशी ठेवा. त्यात तारीख, ‘पडल्यामुळे’ हा उल्लेख आणि कोणता गुडघा, डावा की उजवा, हे लिहिलेलं असावं. एमआरआयचा नुसता रिपोर्ट पुरत नाही, फिल्म किंवा सीडी जपा. एमआरआय सहा महिन्यांहून जुना असेल आणि मध्यंतरी गुडघा सटकला असेल, तर सर्जन नवा काढायला सांगतात. त्याचा खर्च क्लेममध्ये बसतो का, हे रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी विमा कंपनीला ईमेलने विचारा, फोनवर नको.